आजोबांच्या ट्रंकेत जपानी सैनिकाचा झेंडा सापडलाय, त्याच्या घरी कसा पोचवावा?

कृष्णाकाठ
गावाकडच्या घराचं माळवद उतरवून स्लॅब टाकायचं काम चालू आहे (कोरेगाव तालुका, जि. सातारा). माळ्यावरचं सगळं खाली काढलं तेव्हा आजोबांची पलटणीतली काळी ट्रंक निघाली. आजोबा 'मराठा'त होते आणि दुसऱ्या महायुद्धात बर्म्याच्या बाजूला होते, एवढंच आम्हा नातवंडांना माहीत. लढाईच्या गोष्टी त्यांनी कधी सांगितल्या नाहीत. पेन्शनच्या सांगितल्या, त्याही शिव्या घालत.

ट्रंकेत वाळवीनं कडा खाल्लेलं डिस्चार्ज बुक, एक वस्तरा, एनॅमलचा मग आणि एका कापडात गुंडाळलेली पदकं होती. प्रश्न त्या कापडाचा आहे. पिवळट पडलेलं रेशमी कापड, लांबी साधारण अडीच-तीन फूट, मधोमध तांबडा गोळा आणि भोवती काळ्या शाईत उभ्या ओळी. अक्षर प्रत्येक ओळीत वेगळं, म्हणजे पुष्कळ जणांनी लिहिलेलं. एका कडेला मोठ्या अक्षरात एक ओळ आहे आणि दोन ठिकाणी फिकट लाल शिक्के.

आत्याला विचारलं तर ती म्हणाली, दादांचा रुमाल तो. एकदा धाकट्या काकानं त्यानं सायकल पुसली तर दादांनी त्याला वेताच्या छडीनं फोडला होता. याहून जास्त तिला माहीत नाही.

थोडं वाचलं तेव्हा कळलं की जपानी सैनिक लढाईला निघताना घरचे, शेजारी, शाळासोबती अशा झेंड्यावर सह्या करून द्यायचे. म्हणजे हे कुणाच्या तरी घरचं आहे. ते परत द्यावं असं मला आणि आत्याला वाटतंय. कुणाला यातलं काही माहीत आहे का?

वस्त्रगाळ
बाकीचं नंतर बोलू, आधी हे वाचा. कापडांच्या जतनाचं काम करते म्हणून हक्कानं सांगते. धुऊ नका, ओल्या फडक्यानं पुसू नका, इस्त्री तर अजिबात नको. शाई पाण्यात सुटते आणि जुनं रेशीम घडीवरच चिरतं. आहे त्याच घड्यांमध्ये पुन्हा दाबून ठेवू नका. स्वच्छ, बिनखळीच्या मलमलीवर पसरून पुठ्ठ्याच्या जाड नळीवर सैल गुंडाळा, नळीलाही आधी मलमल लावा. डांबराच्या गोळ्या कापडाला टेकवू नका. फ्रेम आणि लॅमिनेशन सुचवणारे नातेवाईक येतीलच, त्यांना चहा देऊन वाटेला लावा.

डाग असतील तर ते काढायच्या फंदात पडू नका. ते डाग ठेवायचे की काढायचे हे ज्यांचं आहे ते ठरवतील.

गुळपोळी
वस्त्रगाळताई, माझ्या सासूबाईंचा शालू गेली वीस वर्षं डांबराच्या गोळ्यांतच आहे. आता घरी जाऊन काय सांगू? :)

जुनीनाणी
दोन गोष्टी. एक, नकली झेंडे बाजारात ढिगानं आहेत. तुमचा ट्रंकेतून निघालाय म्हणून शंका कमी, तरी बघून घ्या. खऱ्या झेंड्याला बहुतेक वेळा बांधायच्या बाजूच्या दोन कोपऱ्यांवर चामड्याचे किंवा जाड कागदाचे तिकोनी तुकडे शिवलेले असतात आणि त्यातून दोरी जाते. शाई कापडात मुरलेली असते, छापल्यासारखी वर बसलेली नसते.

दुसरी जास्त महत्त्वाची. पूर्ण झेंड्याचा फोटो इथे टाकू नका. या वस्तूंना परदेशी लिलावात गिऱ्हाईक आहे आणि आजपासून तुमच्या व्यनिमध्ये (व्यक्तिगत निरोपांत) 'संग्राहक' यायला लागतील. त्यातला एखादा स्वतःला वारसांचा प्रतिनिधीही म्हणवेल.

कृष्णाकाठ
कोपऱ्यांवर तपकिरी तिकोनी तुकडे आहेत, एक निम्मा तुटलाय. आणि जुनीनाणी, तुमचं खरं ठरलं. दोन व्यनि आलेसुद्धा. एकानं थेट आकडा टाकलाय.

ओसाकाकर
मी कामानिमित्त जपानात आहे. त्या कडेच्या मोठ्या ओळीचा फोटो मला एकट्याला पाठवा, शिक्क्यांचाही. फोटो दिवसाच्या उजेडात काढा, फ्लॅश नको.

असल्या झेंड्याला इथे 'योसेगाकी हिनोमारू' म्हणतात. मधला गोळा म्हणजे सूर्य आणि त्याच्या किरणांसारख्या सह्या. वरच्या बाजूला बहुतेक वेळा चार मोठी चित्राक्षरं असतात, 'बुउन चोक्यू', लढाईत नशीब टिकून राहो अशा अर्थाची. कडेच्या ओळीत ज्याला झेंडा दिला त्याचं नाव असतं. लाल शिक्के देवळांचे. शोधात खरा उपयोग त्यांचाच होतो, कारण बाकीच्यांची फक्त नावं असतात, पत्ता कुणी लिहीत नाही.

चिंचगूळ
सगळे फार भारावलेले दिसताहेत म्हणून थोडं कडू बोलतो. हा झेंडा तुमच्या आजोबांनी लढून मिळवला. परत कशासाठी द्यायचा?

माझ्या आजीचा सख्खा भाऊ सप्लाय कोअरमध्ये होता. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं तेव्हा पकडला गेला. पुढे बोटीत घालून न्यू गिनीच्या बाजूला नेला म्हणतात. तिकडे नेलेल्या हजारो हिंदी कैद्यांपैकी फार थोडे परत आले. उपासमार, मारझोड, मलेरिया. आजीच्या घरी एक तार आली आणि नंतर थोडी पेन्शन. तेवढंच. त्याची एक वहाणसुद्धा कुणी परत आणून दिली नाही. अंदमानात यांनी काय केलं तेही इथल्या कितीजणांना माहीत आहे? ३० जानेवारी १९४४ ला हम्फ्रीगंजला चव्वेचाळीस माणसं गोळ्या घालून मारली. ती कुणी इंग्रज नव्हती, आपलीच होती.

गुळपोळी
चिंचगूळ, पण झेंडा देणारी आई किंवा बहीण, तिनं न्यू गिनीत काय केलं होतं?

चिंचगूळ
तिनं काही केलं नव्हतं. माझ्या पणजीनंही काही केलं नव्हतं. मी परत देऊ नका असं म्हणत नाहीये, 'कशासाठी' विचारतोय.

तोफखाना
निवृत्त फौजी आहे, थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

चिंचगूळ यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर प्रत्येक घर आपापलं देईल. कृष्णाकाठ यांच्या घरानं ते दिलेलं दिसतंय. मी शोधाचं बोलतो.

झेंड्यावर नाव असतं, त्यामुळे लोकांना वाटतं नाव वाचलं की काम झालं. तसं होत नाही. जपानी नावं एकच लिहून दोन-तीन प्रकारे वाचली जातात आणि त्या नावाची माणसंही पुष्कळ. त्यामुळे शोध दुसऱ्या टोकानंही करावा लागतो. तुमचे आजोबा नेमके कुठे होते, कधी होते आणि समोर कोण होतं?

जपानच्या पायदळ रेजिमेंटी प्रांतवार भरती व्हायच्या, आपल्याकडे मराठा, डोगरा, गढवाल तशा, फक्त जातीऐवजी जिल्ह्यावर. इम्फाळ-कोहिमाच्या लढाईच्या वेळी (१९४४, बर्म्याच्या सरहद्दीवर) जपानच्या ३१ व्या डिव्हिजनमध्ये ५८ वी रेजिमेंट निगाताच्या बाजूची, १२४ वी फुकुओकाची आणि १३८ वी नाराची. ३३ व्या डिव्हिजनमध्ये २१३ वी इबाराकीची, २१४ वी तोचिगीची, २१५ वी गुन्माची. म्हणजे कुठल्या टेकडीवर कुठली रेजिमेंट समोर होती हे कळलं की अख्खा जपान सोडून एका प्रांतात शोधायचं उरतं.

'मराठा' म्हणजे तेव्हाची पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री. तिच्या बटालियन कुठे कुठे होत्या बघा. पहिली आणि तिसरी इटलीत. व्हिक्टोरिया क्रॉसवाले यशवंत घाडगे तिसरीचे, नामदेव जाधव पहिलीचे. इकडे पूर्वेला चौथी आणि सहावी, दोन्ही हिंदी फौजेच्या २३ व्या डिव्हिजनच्या ४९ व्या ब्रिगेडमध्ये. आजोबा बर्म्याकडे होते म्हणता तर या दोनांपैकी एक धरून चाला. डिस्चार्ज बुकावर ४/५ किंवा ६/५ (पाचव्या मराठाची चौथी किंवा सहावी बटालियन) असं काही दिसतंय का? वाळवीनं ते पान खाल्लं असेल तर बेळगावला रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला सैनिक क्रमांक देऊन पत्र लिहा. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातूनही पत्र पुढे जातं. क्रमांक पदकाच्या कडेवर मिळेल. दुसऱ्या महायुद्धाची इंग्रज सैनिकांना दिलेली पदकं कोरी होती, पण हिंदी सैनिकांच्या पदकांच्या कडेवर क्रमांक, नाव आणि पलटण ठोकलेली असते.

भटकंती_ईशान्य
चौथी असेल तर ती सांगशाकला होती! मणिपूरमध्ये उखरुलच्या वाटेवर. मार्च १९४४ मध्ये पन्नासाव्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर चौथ्या मराठानं तिथे ५८ व्या रेजिमेंटला अडवून धरलं. मी त्या टेकडीवर जाऊन आलोय. माती नावाला, खाली खडक. खंदक धड खोदता येईनात, प्यायला पाणी नाही आणि विमानातून टाकलेला दाणागोटा बराचसा जपान्यांच्या बाजूला पडायचा. २६ मार्चच्या रात्री माघारीचा हुकूम आला तोवर टिकले. त्या चार-पाच दिवसांत इम्फाळ आणि कोहिमाला सावरायला वेळ मिळाला असं तिकडचे जाणकार सांगतात. एका मेलेल्या जपानी अधिकाऱ्याजवळ नकाशे सापडले आणि कोहिमाकडे अख्खी डिव्हिजन निघालीय हे त्यावरून उघड झालं, तेही इथलंच. मेलेल्यांचे खिसे तपासायचं कारणच ते होतं. झेंडाही तसाच हाती आला असेल.

म्हणजे निगाता!

तोफखाना
भटकंती, दमानं घ्या. आधी बुक उघडू द्या.

कृष्णाकाठ
आज गावी जाऊन आलो. डिस्चार्ज बुकाचं पहिलं पान निम्मं गेलंय, पण आत एका शिक्क्यात ६/५ स्पष्ट वाचता येतंय. सहावी बटालियन. भटकंती, माफ करा, सांगशाक हुकलं.

पदकं चार चांदण्या-गोल अशी मिळून आहेत आणि एक वेगळं आहे. जांभळ्या-हिरव्या रिबनचं, वर आडवी पट्टी, तिच्यावर 'एस. ई. एशिया १९४५-४६'. कडेवर क्रमांक आणि नाव आहे, काकांनी भिंग लावून वाचलं. स्वतःच्या वडलांचं नाव पदकावर आहे हे त्यांना आजवर माहीत नव्हतं. बराच वेळ ते पदक कुणाच्या हातात देईनात.

जुनीनाणी
ते वेगळं म्हणजे जनरल सर्व्हिस मेडल. आणि ती पट्टी म्हणजे तुमच्या शोधाची किल्ली आहे. युद्ध संपल्यावरच्या कामगिरीसाठी ती देत, जावा, सुमात्रा, इंडोचीन. तुमचे आजोबा बर्म्यावरून सरळ घरी आलेले नाहीत.

तोफखाना
बरोबर. चित्र पालटलं.

२३ वी डिव्हिजन सप्टेंबर १९४५ मध्ये मलायात उतरली. लढायला नव्हे, जपाननं शरणागती पत्करलेली होती, त्यांच्या फौजेची हत्यारं उतरवायला. तिथून जावा. ४९ वी ब्रिगेड ऑक्टोबरअखेर सुराबायाला उतरली आणि तिथे इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यवाल्यांशी जुंपली. ब्रिगेडचा प्रमुख ब्रिगेडियर मॅलबी ३० ऑक्टोबरला मारला गेला, १० नोव्हेंबरपासून मोठी लढाई. इंडोनेशियात १० नोव्हेंबर हा आजही वीर दिन असतो. आपली पोरं तिथे डचांची गादी राखायला मेली असं माझं मत आहे. पण ते इथे नको, धागा भरकटेल.

मुद्दा असा. झेंडा इम्फाळच्या बाजूला मिळाला असेल तर तो बहुधा मृताच्या अंगावरचा. मलाया-जावात मिळाला असेल तर शरण आलेल्या जिवंत माणसाच्या सामानातला. हत्यारं उतरवताना झडत्या व्हायच्या आणि घड्याळं, पेनं, झेंडे शिपायांच्या हाती लागायचे. काही जपानी स्वतःही देत, सिगारेटच्या बदल्यात.

वस्त्रगाळताईंना एक विचारतो. मृताच्या अंगावर असलेला आणि सामानात घडी करून ठेवलेला, यात कापडावरून फरक कळतो का?

वस्त्रगाळ
खात्रीनं नाही, पण अंदाज येतो. अंगाला गुंडाळलेल्या किंवा शिरस्त्राणात ठेवलेल्या कापडावर घामाच्या कडा उमटतात आणि घड्या वेड्यावाकड्या पडतात. पाऊस लागला असेल तर शाई ओघळते, आणि मणिपूरचा पावसाळा कुणाला चुकलाय? मला व्यनिनं आलेल्या फोटोंत शाई एकाही ठिकाणी फुटलेली नाही. घड्या चौकोनी, पुन्हा पुन्हा त्याच रेषेवर. पिवळेपणा तर ट्रंकेतही येतो. पैज लावायची झाली तर मी सामानाच्या बाजूनं लावीन.

ओसाकाकर
वाचून झालं. मला स्वतःला जुनं वळण झेपेना, आमच्या इमारतीतल्या एका आजींनी वाचून दिलं. नाव इथे लिहीत नाही, कृष्णाकाठना कळवलंय.

दोन्ही शिक्के वाचता आले. देवळं तोहोकूमधली आहेत, म्हणजे जपानच्या मुख्य बेटाचा उत्तर भाग, थंडीबर्फाचा. निगाता नव्हे, फुकुओका नव्हे, नाराही नव्हे. इम्फाळ-कोहिमाच्या ज्या रेजिमेंटी वर आल्या त्यातल्या कुणाचाच हा भाग नाही. सह्यांमध्ये एकच आडनाव सात-आठ वेळा आहे, म्हणजे गाव लहान आणि भावकी मोठी. एक ओळ शाळेतल्या गुरुजींची आहे.

आता पुढे कुठे जायचं ते. रस्ते दोन. एक सरकारी. जपानच्या आरोग्य, श्रम आणि कल्याण मंत्रालयाकडे युद्धातल्या अशा वस्तूंच्या वारसांचा शोध घेण्याचं काम आहे. परदेशातून अर्ज वकिलातीमार्फत जातो, तुम्हाला मुंबईचं वाणिज्य दूतावास जवळ. दुसरा रस्ता ओबोन सोसायटीचा. अमेरिकेत ऑरेगन राज्यातल्या अस्टोरियाची संस्था, एक नवरा-बायको चालवतात, बायको जपानी. त्यांनी असे शेकडो झेंडे घरी पोचवलेत. पैसे घेत नाहीत आणि घरच्यांकडूनही मागत नाहीत. २०१७ साली त्यांच्याच मदतीनं नव्वदी ओलांडलेला एक माजी अमेरिकी सैनिक सायपान बेटावर उचललेला झेंडा घेऊन गिफू प्रांतातल्या खेड्यात स्वतः गेला आणि त्या सैनिकाच्या म्हाताऱ्या भावंडांच्या हाती दिला.

माझं मत विचाराल तर ओबोन. सरकारी शोध युद्धात मेलेल्यांच्या नोंदींपासून सुरू होतो आणि आपल्याला तर आता वाटतंय की हा माणूस जिवंत घरी गेला असेल.

जुनीनाणी
मग जिवंत परतलेल्याची नोंद कुठे सापडायची?

ओसाकाकर
लष्करातल्या शिपायांच्या सेवेच्या वह्या ज्याच्या त्याच्या मूळ प्रांताच्या कचेरीत असतात. पण त्या जवळच्या नातेवाइकांनाच बघायला मिळतात, तुम्हाआम्हाला नाही. म्हणून आधी नातेवाईक गाठायचे आणि वहीनं खात्री नंतर करायची. गाव लहान असेल तर देवळाचा पुजारी आणि स्थानिक वर्तमानपत्र यांच्यावरच काम होऊन जातं. आपल्याकडे नाही का, कुणाच्या आळीतला म्हटलं की पारावरची माणसं खापरपणज्यापर्यंत सांगतात.

वकिलीणबाई
कुणीच बोलत नाहीये म्हणून रंगाचा बेरंग करते. झेंडा कुरिअरनं पाठवून मोकळे होऊ नका.

पुरावस्तू आणि कलावस्तूंचा १९७२ चा कायदा आहे. त्यात साधी वस्तू पुरावस्तू ठरायला शंभर वर्षं लागतात, झेंडा तेवढा जुना नाही. पण हस्तलिखित, नोंद किंवा दस्तऐवज ऐतिहासिक मोलाचा असेल तर मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. कापडावर हातानं लिहिलेल्या सह्या कशात मोडतात? मी दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करू शकते, म्हणजेच कस्टमवालाही करू शकतो. पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे वस्तू दाखवून ती पुरावस्तू नाही असा दाखला मागता येतो. तो हातात असला की निर्धास्त.

चिंचगूळ
मजा आहे. इथून कोहिनूर गेला तेव्हा दाखला कुणी मागितला नव्हता.

भटकंती_ईशान्य
घरचे सापडलेच नाहीत तर एक सुचवू? इम्फाळजवळ रेड हिलच्या पायथ्याशी २०१९ साली शांतता संग्रहालय उघडलंय, जपानच्या निप्पॉन फाउंडेशनच्या मदतीनं. लढाईच्या पंच्याहत्तराव्या वर्षी, २२ जूनला उद्‌घाटन झालं. अशा वस्तू तिथे शोभतील.

कृष्णाकाठ
घरी यावरून वादावादी झाली. चुलतभावाचं म्हणणं, गावच्या शाळेत काचेच्या पेटीत लावू, पोरांना आजोबा कळतील. आत्या म्हणाली, आजोबा कळायला त्यांची पदकं आहेत की, दुसऱ्याच्या आईनं दिलेलं फडकं कशाला? तिच्यापुढे कुणाचं चालत नाही. पदकं शाळेत लागतील, झेंडा जाईल.

ओबोनला अर्ज भरला. झेंड्याचे फोटो, कुणाकडून आला, कुठली पलटण, एवढं विचारतात. तोफखानाकाकांनी २३ व्या डिव्हिजनचा जो हिशोब मांडला होता तो जसाच्या तसा ओसाकाकरांकडून इंग्रजीत करून जोडला. वाट बघावी लागेल असं त्यांनी आधीच सांगितलंय.

गुळपोळी
वाचनखूण साठवली आहे. अपडेट नाही टाकलंत तर घरी येईन.

कृष्णाकाठ
बऱ्याच महिन्यांनी धागा वर काढतोय. सापडले!

मेलेल्यांच्या यादीत ते नाव त्या भागात नव्हतंच. शिक्क्यावरच्या देवळात चौकशी झाली तेव्हा तिथल्या माणसांनी आडनावावरून घर सांगितलं. झेंडेवाला १९४६ साली घरी परतला होता. शेती केली, मुलंबाळं झाली, म्हातारा होऊन घरीच गेला. मुलगी आहे, सत्तरीपुढची. तिला झेंड्याची गोष्ट माहीत होती. मलायात झडती झाली तेव्हा एका हिंदी शिपायानं तो काढून घेतला, असं ते सांगायचे. रागानं सांगायचे की हसून, ते मी विचारलं नाही. झेंड्यावरच्या एका ओळीत तिच्या आजीची सही आहे. आजीच्या हातचं दुसरं काहीच त्यांच्या घरी नाही.

म्हणजे आजोबांनी काढून घेतला होता. लढून मिळवला नव्हता. आत्याला हे सांगताना मला जरा जड गेलं. ती म्हणाली, मग सायकल पुसल्यावर एवढे का चिडले ते आता कळलं.

बाईंनी पत्रात एकच विचारलंय, तुमचे आजोबा परत जाऊन काय करत होते? ओसाकाकर, 'वाघ्या घेवडा'ला जपानीत काय लिहायचं ते सांगा. घेवडा आणि आलं, दुसरं काय करणार कोरेगावात. त्यांच्याकडे भातशेती आहे.

दाखल्यासाठी अर्ज दिलाय, झेंडा दाखवूनही आलोय. अजून हातात नाही.

ओसाकाकर
'ठिपक्यांचा घेवडा' असं लिहितो आणि सोबत फोटो लावतो. त्यांच्याकडेही तसलाच एक घेवडा असतो, बाई ओळखतील. दाखला मिळाला की कळवा. मे महिन्यात पुण्यात येतोय, परत जाताना झेंडा नळीसकट हातात घेऊन जाईन. पोस्टावर सोडायला नको.

तोफखाना
पदकं शाळेत लावाल तेव्हा खाली पट्टीवर ६/५ मराठा लिहा, नुसतं 'मराठा' नको. आणि मलाया, जावा हेही लिहा. लोक बर्मा लिहून मोकळे होतात.

चिंचगूळ
धागा पूर्ण वाचला. माझं मत फारसं बदललेलं नाही.

ओसाकाकर, एक विचारायचं होतं. सिंगापूरच्या क्रांजीला जे स्मारक आहे तिथल्या चोवीस हजार नावांमध्ये आजीच्या भावाचं नाव बघायचं तर घरबसल्या सोय आहे का?

तोफखाना
आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव टाका. हिंदी नावांचं इंग्रजी स्पेलिंग वाटेल तसं असतं, जाधव चार प्रकारे सापडतील, म्हणून सैनिक क्रमांक असेल तर त्यावरून शोधा. नोंदीत पुष्कळदा वडलांचं नाव आणि गाव दिलेलं असतं. क्रमांक आजीच्या पेन्शनच्या कागदावर असेल. नसेल तर व्यनि करा, बसून शोधू.

पाटीपेन्सिल
नवीन सदस्य आहे, वेगळा धागा काढू का इथेच विचारू कळेना. आमचे पणजोबा तिसऱ्या मराठात होते, इटलीत. त्यांच्या पाकिटात एक लहान फोटो आहे, इटालियन बाई, दोन मुलं आणि मागे दगडी घर. पाठीमागे पेन्सिलनं काहीतरी लिहिलंय. यांचं घर सापडेल का?

जुनीनाणी
इथेच विचारा. फोटोच्या मागे किंवा कोपऱ्यात स्टुडिओचा उठावाचा शिक्का आहे का बघा, तिरप्या उजेडात धरलं की दिसतो. त्यावर गावाचं नाव असतं. पेन्सिलच्या अक्षरावर बोट फिरवू नका.

तोफखाना
गाव कळलं की तिथल्या 'कोमूने'ला, म्हणजे नगरपालिकेला, इटालियन भाषेत साधं पत्र लिहा. जन्म-मृत्यूच्या नोंदी तेच ठेवतात. तिसरी बटालियन १९४४ च्या उन्हाळ्यात तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात होती. घाडगे तिथेच १० जुलैला पडले. त्यांच्या आठवणीसाठी मोंतोने गावात २०२३ साली सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलंय, म्हणजे मराठा पलटण तिकडच्या लोकांना अनोळखी नाही. स्टुडिओचं नाव मिळालं नाही तर घराचा फोटो मोठा करून आधी त्याच गावाला पाठवा. पणजोबांचा क्रमांक आणि पाकिटातले बाकीचे कागद इथे लिहू नका, मला व्यनिनं द्या.